विश्लेषण : उसाचे पान तहानलेले आहे, हे उपग्रहाला कसे कळते? जगदीशचंद्र बोस यांच्या ‘कृत्रिम डोळ्या’ची कहाणी

कराड, वाळवा किंवा पलूस तालुक्यातील उसाच्या फडाकडे बांधावरून पाहिले, तर पाण्याचा ताण सुरू झाल्यानंतरही काही दिवस सारे हिरवेच दिसते. पाने गुंडाळू लागली, पिवळी पडू लागली की मग लक्षात येते. सुमारे ८०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाला मात्र हा बदल त्याआधीही टिपता येऊ शकतो. कारण माणसाच्या डोळ्याला न दिसणारा अवरक्त म्हणजेच इन्फ्रारेड प्रकाश पाहणारे डिटेक्टर त्याच्याकडे असतात.

दुष्काळ जाहीर करण्याच्या निकषांपासून उसाच्या क्षेत्राच्या अंदाजापर्यंत आज या डिटेक्टरचा उपयोग होतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे. पण न दिसणारा प्रकाश एखाद्या स्फटिकाने टिपायचा, या कल्पनेची सुरुवातीची पावले भारतातच, सव्वाशे वर्षांपूर्वी कोलकात्यात पडली होती. ती टाकणारे शास्त्रज्ञ पुढे वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले आणि ‘झाडांनाही जाणीव असते’ असे सांगणारे म्हणून शाळेच्या पुस्तकांत पोहोचले. जगदीशचंद्र बोस यांच्या आयुष्याचे हे दोन भाग एकमेकांशी कसे जोडलेले आहेत, हे समजून घेऊ.

अवरक्त प्रकाश म्हणजे नेमके काय?

सूर्यप्रकाश लोलकातून गेला की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंतचे रंग दिसतात. १८०० मध्ये इंग्लंडमधील खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी या प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून तापमान मोजले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. तो अवरक्त प्रकाश होता.

माणसाला साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन लांबीच्या प्रकाशलहरी दिसतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ०.७ मायक्रॉनच्या पुढे अवरक्त पट्टा सुरू होतो आणि तो सुमारे १,००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटरपर्यंत जातो. त्यानंतर सूक्ष्मलहरी म्हणजे मायक्रोवेव्ह आणि पुढे रेडिओलहरी. या सगळ्या एकाच कुटुंबातल्या लहरी आहेत, फरक फक्त लांबीचा. बोस यांनी काम सुरू केले ते या कुटुंबाच्या मिलिमीटर टोकाकडून.

बोस कोण होते, शिकले कुठे?

जगदीशचंद्र बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी आताच्या बांगलादेशातील मैमनसिंग येथे झाला. त्यांचे मूळ गाव ढाक्याजवळच्या बिक्रमपूर भागातले. वडील भगवानचंद्र ब्रिटिश सरकारच्या सेवेत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. अशा घरातली मुले तेव्हा इंग्रजी शाळेत जात. भगवानचंद्रांनी मात्र मुलाला आधी बंगाली शाळेत घातले. तिथे त्याच्या शेजारी शिपायाचा आणि कोळ्याचा मुलगा बसत असे. प्राणी, झाडे, नदी यांच्या गोष्टी त्याने या सोबत्यांकडून ऐकल्या. निसर्गाविषयीची ओढ तिथूनच लागली, असे बोस यांनी पुढे सांगितले.

त्यानंतर कोलकात्याच्या सेंट झेवियर्समध्ये फादर लाफाँ यांच्यासारखे भौतिकशास्त्राचे शिक्षक त्यांना लाभले. १८८० मध्ये ते वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनला गेले. पण आधीपासून जडलेला ताप तिथेही पाठ सोडेना आणि शवविच्छेदनाच्या खोलीतील वासाने प्रकृती आणखी बिघडली. वैद्यक सोडून त्यांनी केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजमध्ये विज्ञानाला प्रवेश घेतला. प्रकाश आणि ध्वनीच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले लॉर्ड रॅले तिथे त्यांचे प्राध्यापक होते. १८८४ मध्ये केंब्रिजची आणि लंडन विद्यापीठाची अशा दोन पदव्या घेऊन ते परतीच्या वाटेला लागले.

तीन वर्षे पगार का घेतला नाही?

१८८५ मध्ये बोस कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या काळी भारतीय प्राध्यापकाला त्याच पदावरील युरोपीय प्राध्यापकाच्या दोनतृतीयांश पगार मिळे. नेमणूक हंगामी असल्याने बोस यांच्या हाती त्याच्याही निम्मे, म्हणजे जेमतेम एकतृतीयांश येणार होते.

बोस यांनी नोकरी सोडली नाही आणि पगारही स्वीकारला नाही. तीन वर्षे त्यांनी नेमाने वर्ग घेतले. वडिलांचे उद्योग बुडाल्याने घरावर कर्ज होते, १८८७ मध्ये अबला यांच्याशी विवाह झाला होता, तरीही ते मागे हटले नाहीत. अखेर महाविद्यालयाला त्यांच्या कामाची दखल घ्यावी लागली. पूर्ण दराने, मागील तारखेपासूनचा सगळा पगार त्यांना एकरकमी देण्यात आला. तो त्यांनी वडिलांचे कर्ज फेडण्यासाठी वापरला.

रेल्वेच्या वेळापत्रकातून कोणता प्रयोग?

वयाच्या छत्तिशीत बोस यांनी संशोधनाला वाहून घेण्याचे ठरवले. महाविद्यालयात त्यासाठी प्रयोगशाळा नव्हती. एका लहानशा खोलीत, स्थानिक पत्राकाम करणाऱ्या कारागिराला हाताशी धरून त्यांनी उपकरणे बनवायला सुरुवात केली.

जर्मनीतील हाइनरिश हर्ट्झ यांनी काही वर्षांपूर्वी विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगातून दाखवल्या होत्या, पण त्या लांब होत्या. त्यांचा प्रकाशासारखा अभ्यास करायचा तर खूप मोठे आरसे आणि भिंगे लागली असती. बोस यांनी उलटा विचार केला. उपकरण मोठे करण्याऐवजी त्यांनी लहर लहान केली. त्यांनी ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या, आणि सगळी प्रयोगशाळा टेबलावर मावली.

साधने हाताशी असतील ती. लहरींचे ध्रुवीकरण दाखवण्यासाठी त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाचे जाडजूड पुस्तक घेतले आणि त्याच्या पानांमध्ये धातूचा पातळ कागद घातला. दुसऱ्या प्रयोगात पिळलेल्या तागाच्या जुड्या वापरल्या. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी जाहीर प्रयोग केला. अदृश्य लहरी लेफ्टनंट गव्हर्नरच्या शरीरातून आणि भिंतींतून पलीकडे गेल्या. तिथे घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे प्रयोगांसह व्याख्यान झाले.

‘कृत्रिम डोळा’ म्हणजे काय होते?

लहर निर्माण करणे हे अर्धे काम. ती पोहोचली हे कळण्यासाठी संवेदनशील ग्राहक हवा. तेव्हाचे ग्राहक म्हणजे नळीत भरलेला धातूचा कीस. लहर आली की कीस एकमेकांना चिकटे आणि वीज वाहू लागे. मग नळीला टिचकी मारून तो पुन्हा मोकळा करावा लागे.

बोस यांनी अनेक धातू आणि खनिजे तपासली. त्यातून त्यांच्या हाती गॅलेना लागले. गॅलेना म्हणजे शिशाचे खनिज, रासायनिक भाषेत लेड सल्फाइड. चकचकीत, करड्या रंगाचा, चौकोनी तुकड्यांत फुटणारा हा दगड. त्याच्या स्फटिकावर धातूचे टोक हलकेच टेकवले की त्या सांध्यातून वाहणारी वीज लहरींच्या माऱ्याने बदलते, हे त्यांना दिसले. टिचकी मारायची गरज नव्हती.

आणखी महत्त्वाची गोष्ट म्हणजे हा सांधा रेडिओलहरींपुरता मर्यादित नव्हता. दृश्य प्रकाश, त्याच्या अलीकडचा अतिनील आणि पलीकडचा अवरक्त प्रकाश, या सगळ्यांना तो प्रतिसाद देई. बोस यांनी तो एका गोल खोबणीत बसवला, पुढे भिंग लावले आणि त्याला कृत्रिम डोळा म्हटले. माणसाच्या डोळ्याला फार थोडा प्रकाश दिसतो आणि या दगडाच्या डोळ्याला त्याच्या कितीतरी पट अधिक, हे त्यांनी १९०१ मध्ये लंडनमध्ये दाखवले.

आजच्या भाषेत सांगायचे तर गॅलेना हा अर्धवाहक म्हणजे सेमीकंडक्टर आहे. ‘सेमीकंडक्टर’ची उपपत्ती तेव्हा कुणाकडेच नव्हती. ती मांडण्यासाठी लागणारे क्वांटम भौतिकशास्त्र तयार व्हायला आणखी पाव शतक लागणार होते. पुढे नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांनी बोस काळाच्या किमान ६० वर्षे पुढे असल्याचे मत नोंदवले.

पेटंट मिळाले, मग फायदा का झाला नाही?

शोधातून पैसा मिळवणे बोस यांना मान्य नव्हते. एका कंपनीने पेटंटचा प्रस्ताव समोर ठेवला, तेव्हा त्यांनी तो नाकारला. मात्र भगिनी निवेदिता आणि अमेरिकेतील सारा बुल या दोघींनी आग्रह धरला. सारा बुल यांच्या पुढाकाराने ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत अर्ज दाखल झाला आणि २९ मार्च १९०४ रोजी ७५५८४० क्रमांकाचे पेटंट मंजूर झाले. त्यात अर्धा हक्क सारा बुल यांच्या नावे होता. सेमीकंडक्टर उपकरणाचे हे जगातील पहिले पेटंट मानले जाते.

बोस यांनी त्याचा व्यापारी उपयोग केला नाही. १९०६ मध्ये अमेरिकेत सिलिकॉनच्या स्फटिक ग्राहकाचे पेटंट दुसऱ्या संशोधकाने घेतले. १९२० च्या दशकात जगभर घरोघरी जे स्वस्त ‘क्रिस्टल रेडिओ’ वाजू लागले, त्यांत गॅलेनाचाच खडा आणि त्यावर टेकवलेली बारीक तार असे.

रेडिओच्या श्रेयाचा वादही याच काळातला. १८९९ मध्ये बोस यांनी पारा आणि लोखंडाचा सांधा व टेलिफोन वापरून बनवलेला ग्राहक रॉयल सोसायटीपुढे मांडला होता. डिसेंबर १९०१ मध्ये मार्कोनी यांनी अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संदेश ज्या ग्राहकावर ऐकला, त्याचे बोस यांच्या रचनेशी जवळचे साम्य असल्याचे अभ्यासकांनी नंतर दाखवून दिले. मार्कोनी यांना १९०९ मध्ये नोबेल मिळाले.

मग बोस वनस्पतींकडे का वळले?

या वळणाचे कारणही त्यांच्या डिटेक्टरमध्येच सापडते. सतत लहरी पाठवल्या की ग्राहकाचा प्रतिसाद मंदावतो आणि थोडा वेळ विसावा दिला की तो पूर्ववत होतो, हे त्यांच्या लक्षात आले. हा आलेख थकलेल्या स्नायूच्या आलेखासारखा दिसत होता. धातू थकतो, स्नायू थकतो, तर मधल्या वनस्पतीचे काय, हा पुढचा प्रश्न होता.

१९०० मध्ये पॅरिसच्या भौतिकशास्त्र परिषदेत त्यांनी ही तुलना मांडली. पण जून १९०१ मध्ये रॉयल सोसायटीत ज्येष्ठ शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी तिला विरोध केला. भौतिकशास्त्राच्या माणसाने आपल्या विषयात राहावे, असा त्यांचा सूर होता. बोस मागे हटले नाहीत. १९०२ आणि १९०६ मध्ये त्यांचे या विषयावरचे ग्रंथ प्रसिद्ध झाले.

झाडाची वाढ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्यांनी क्रेस्कोग्राफ हे उपकरण बनवले. ते वाढ दहा हजार पट मोठी करून दाखवी. खत, प्रकाश, विष, उष्णता यांचा झाडावर होणारा परिणाम काही मिनिटांत काचेवर उमटे. १९२० मध्ये लंडनमध्ये या उपकरणावर शंका घेतली गेली, तेव्हा शास्त्रज्ञांच्या समितीसमोर ते चालवून दाखवण्यात आले आणि समितीने त्याच्या नोंदी खऱ्या असल्याची ग्वाही दिली. त्याच वर्षी बोस रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

त्यापूर्वी, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, आपल्या ५९ व्या वाढदिवशी त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट सुरू केली होती. मुंबईतील दानशूरांनीही तिला मदत केली. त्यांचे इंग्रजी चरित्र १९२० मध्ये आले. ते लिहिणारे पॅट्रिक गेडीस तेव्हा मुंबई विद्यापीठात प्राध्यापक होते. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे बोस यांचे निधन झाले. ७९ वा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

बोस यांचे सगळे दावे खरे ठरले का?

नाही. वनस्पतींमध्ये विद्युतसंकेत धावतात, हे त्यांचे निरीक्षण आज मान्य आहे. मात्र रस वर चढवणाऱ्या पेशी हृदयासारख्या धडधडतात, हे त्यांचे म्हणणे टिकले नाही. वनस्पतींना प्राण्यांसारखी मज्जासंस्था असते, हा निष्कर्षही स्वीकारला गेला नाही.

त्यांच्या वळणाची एक किंमतही होती. गॅलेनाच्या डिटेक्टरवर पुढे काम करणारी फळी भारतात उभी राहिली नाही. १९३० च्या दशकात जर्मनीत लेड सल्फाइडचा अवरक्त डिटेक्टर म्हणून नव्याने अभ्यास सुरू झाला, तो लष्करी उपयोगासाठी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने बनवलेल्या साइडविंडर क्षेपणास्त्राच्या टोकाला शत्रूच्या विमानाच्या इंजिनाची उष्णता शोधणारा जो ‘डोळा’ होता, तोही सुरुवातीला लेड सल्फाइडचाच होता. अत्याधुनिक अवरक्त डिटेक्टरची निर्यात आजही अनेक देश नियंत्रित करतात.

असा डिटेक्टर काम कसा करतो?

प्रकाशाचा कण स्फटिकावर आदळतो आणि जागेवर अडकलेल्या इलेक्ट्रॉनला मोकळे करतो. मोकळे इलेक्ट्रॉन म्हणजे वीज. ही वीज मोजली की प्रकाश किती आला, ते कळते.

इलेक्ट्रॉन सोडवायला किमान ठरावीक ऊर्जा लागते आणि ती प्रत्येक पदार्थाची वेगळी असते. लहर जितकी लांब, तितकी तिच्या कणाची ऊर्जा कमी. मोबाइलच्या कॅमेऱ्यातील सिलिकॉनला सुमारे १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, म्हणून त्याची नजर १.१ मायक्रॉनच्या आसपास संपते. लेड सल्फाइडला साधारण ०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, म्हणून ते ३ मायक्रॉनपर्यंत पाहू शकते.

आणखी पुढे, ८ ते १४ मायक्रॉनमध्ये, जमीन आणि झाडे स्वतःच उष्णतेच्या रूपाने किरण सोडत असतात. ते पाहण्यासाठी पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांचा मिश्र स्फटिक वापरतात. इथे अडचण अशी की डिटेक्टरची स्वतःची उष्णताही इलेक्ट्रॉन सोडवते आणि खोटा संकेत तयार होतो. म्हणून अनेक डिटेक्टर उणे २०० अंश सेल्सियसच्या आसपास थंड ठेवावे लागतात. डिटेक्टर जितका सुधारलेला, तितका हा गोंगाट कमी आणि चित्र बारीक.

पानाचे गुपित अवरक्तात कसे उघडते?

निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि त्यावर अन्न तयार करते. अवरक्ताच्या सुरुवातीच्या पट्ट्यातील प्रकाश मात्र ते मोठ्या प्रमाणात, जवळपास निम्मा, परत फेकते. पान बिघडले की हा फरक घटतो. या फरकाला बेरजेने भागले की ‘एनडीव्हीआय’ हा निर्देशांक मिळतो. समजा, पानाने ५० टक्के अवरक्त आणि ५ टक्के तांबडा प्रकाश परतवला, तर ४५ भागिले ५५ म्हणजे ०.८२. तेच पीक ३० आणि १५ टक्क्यांवर आले, तर १५ भागिले ४५ म्हणजे ०.३३.

१.६ मायक्रॉनच्या आसपासचा पट्टा पानातील पाण्याविषयी सांगतो. पानात पाणी भरपूर असेल तर हा प्रकाश शोषला जातो, पाणी घटले की परतणारा प्रकाश वाढतो. उष्णतेच्या पट्ट्यात तर पानाचे तापमानच दिसते. पाणी मिळणारे पान बाष्पोत्सर्जनाने थंड राहते, तहानलेले पान तापते.

बोस यांनी पानाला तार जोडून जे विचारले, तेच उपग्रह तार न जोडता विचारतो. ज्या दोन विषयांमुळे त्यांच्यावर वाट सोडल्याचा आरोप झाला, तो अदृश्य प्रकाशाचा डिटेक्टर आणि वनस्पतीचा प्रतिसाद, हे दोन्ही या एका मोजमापात एकत्र आले आहेत.

भारतात या तंत्राची सुरुवात १९७० मध्ये केरळात झाली. हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांची छायाचित्रे घेऊन मूळकुज रोगाचा शोध घेण्यात आला. १७ मार्च १९८८ रोजी ‘आयआरएस-१ए’ हा नियमित सेवेसाठीचा भारताचा पहिला दूरसंवेदन उपग्रह अवकाशात गेला. १९९५ मध्ये गेलेल्या ‘आयआरएस-१सी’मध्ये पानातील पाणी ओळखणारा पट्टाही आला.

सातारा-सांगलीसाठी हे महत्त्वाचे का?

या दोन जिल्ह्यांत काही तासांच्या प्रवासात हवामान बदलते. महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच साताऱ्यातील माण-खटावला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. सांगलीत कृष्णा-वारणाकाठी ऊस आणि जत-आटपाडीत टँकर, हे चित्र नवे नाही.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पावसातील तुटीबरोबर पिकाखालील क्षेत्र, जमिनीतील ओलावा, पाणीसाठे आणि उपग्रहावरून मिळणारे पिकांचे निर्देशांक धरले जातात. त्यानंतर निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी होते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात साताऱ्यातील वाई आणि खंडाळा, तर सांगलीतील शिराळा, कडेगाव, खानापूर आणि मिरज हे तालुके होते. कायम दुष्काळी म्हणून ओळखले जाणारे माण, खटाव, जत आणि आटपाडी या यादीत नसल्याने नाराजी उमटली. पुढे राज्यातील एक हजारांहून अधिक महसुली मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर करण्यात आली. जमीन महसुलातील सूट, कर्जवसुलीला स्थगिती, परीक्षा शुल्कमाफी अशा सवलती या निर्णयावर अवलंबून असतात. त्यामुळे उपग्रह काय पाहतो आणि काय पाहू शकत नाही, हे शेतकऱ्यालाही माहीत असायला हवे.

उपग्रहाचा एक ठिपका किती गुंठ्यांचा?

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, साधारण १०० चौरस मीटर. युरोपच्या ‘सेंटिनेल-२’ उपग्रहाच्या तांबड्या आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यातील एक ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा असतो. पण पाण्याविषयी सांगणाऱ्या पट्ट्यात त्याच उपग्रहाचा ठिपका २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा होतो. भारताच्या ‘लिस-३’ कॅमेऱ्याचा ठिपका साडेपाच गुंठ्यांच्या आसपास, तर ‘एविफ्स’ कॅमेऱ्याचा सुमारे ३१ गुंठ्यांचा. अमेरिकेच्या ‘लँडसॅट-८’च्या उष्णतेच्या पट्ट्यात तो १०० मीटरचा, म्हणजे तब्बल अडीच एकरांचा होतो.

लहर जसजशी लांब होते, तसतसा ठिपका मोठा होतो. कारण तिथे सिलिकॉन चालत नाही, येणारा प्रकाश कमी असतो आणि डिटेक्टरचा गोंगाट जास्त. अडीच एकरांच्या ठिपक्यात वीस गुंठ्यांचा खोडवा, शेजारची आडसाली लागण, बांध आणि पाणंद असे सगळे एकात मिसळते. शेजाऱ्याच्या विहिरीच्या पाण्यावरील हिरवाई कोरडवाहू तुकड्याची तहान झाकू शकते. चांगल्या अवरक्त डिटेक्टरचे संशोधन छोट्या शेतकऱ्यासाठी महत्त्वाचे आहे ते यामुळे. डिटेक्टर सुधारला की ठिपका लहान होतो आणि त्याचे शेत वेगळे दिसू लागते.

पावसाळ्यात ढग आले तर?

अवरक्त प्रकाश ढगांतून आरपार जात नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली. अशा काळात आकाश ढगांनी भरलेले असते आणि हे कॅमेरे जवळपास आंधळे होतात. तेव्हा पुराचे पाणी कुठवर पसरले हे पाहण्यासाठी रडार उपग्रह वापरतात. त्यांच्या सूक्ष्मलहरी ढग भेदून खाली येतात. अडथळ्यांतून पार जाणाऱ्या अदृश्य लहरी बोस यांनी टाऊन हॉलमध्ये दाखवल्या होत्या, त्यांच्याच या थोड्या लांब बहिणी.

या भागात असे संशोधन होते का?

कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तिन्ही जिल्हे कार्यक्षेत्रात असलेल्या, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाची ओळखच पातळ थरांच्या संशोधनासाठी आहे. काचेची पट्टी रसायनांच्या द्रावणात बुडवून तिच्यावर धातूच्या सल्फाइडचा थर चढवायचा, ही स्वस्त पद्धत. लेड सल्फाइड, म्हणजे बोस यांचे गॅलेना, हा अशाच पद्धतीने बनवता येणारा पदार्थ. त्यासाठी कोट्यवधींची यंत्रणा लागत नाही, बीकर आणि चिकाटी लागते. मात्र प्रयोगशाळेतील थर आणि उपग्रहावर वर्षानुवर्षे टिकणारा, हजारो सारख्या ठिपक्यांचा डिटेक्टर यांत मोठे अंतर आहे. ते भरून काढण्यासाठी एकाच विषयावर दीर्घकाळ काम करणारे गट, उद्योगांची साथ आणि पेटंटची काळजी लागते. बोस यांच्या ‘डोळ्या’ला नेमके हेच मिळाले नव्हते.

बोस यांनी वापरलेली काही मूळ उपकरणे कोलकात्यातील बोस इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेली आहेत.